अणूचा क्षय आणि गल्ली नंबर तीन

शुद्ध मराठीत बोललं की माणूस आजारी पडतो, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवूनही मी धडधाकट होतो, आणि अकरावी-बारावीची मुलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातलं माझं कर्तृत्व कळेल. निवृत्तीनंतर बायकोचं माहेर जवळ पडतं म्हणून जळगावात घर घेतलं. तिथल्या सुशिक्षित, सुसंस्कृत, दारात तुळस आणि चारचाकी दोन्ही ठेवणाऱ्या लोकांनी मला तीन आठवड्यांत क्षयरोगी केलं.

आमच्या कॉलनीचं नाव ज्ञानवर्धिनी. ज्ञान वाढावं असं तिथं कुणाला वाटल्याचं मी पाहिलेलं नाही. वर्षाला तीन व्याख्यानं होतात. एक मधुमेहावर, एक गुडघ्यांवर आणि एक 'आनंदी कसे राहावे' यावर. पहिल्या दोहोंना गर्दी असते, तिसऱ्याला फक्त वक्ता आणि चहावाला. हा सगळा कारभार अध्यक्ष रतिलालभाऊंच्या हाती. रतिलालभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. ज्या कालव्यावर त्यांनी हयात घालवली त्यात पाणी आल्याचं ऐकिवात नाही, पण त्या कालव्याच्या उद्घाटनाचे फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहेत. माणूस चाळीसगावकडचा. एरवी कार्यालयीन मराठी बोलतो. फार राग आला किंवा फार भूक लागली, तर अहिराणीवर येतो.

फेब्रुवारीत ते माझ्याकडं आले.

"सर, अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन आहे. गुडघ्याचे डॉक्टर नाशिकला चाललेत. तुम्ही बोलाल का?"

मी गुडघ्याच्या जागी होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मास्तरला कुणी बोलायला सांगितलं की त्याचा अभिमान रजेवर जातो. मी हो म्हटलं आणि विषयही जागच्या जागी ठरवला. काही अणूंची केंद्रकं अस्वस्थ असतात. ती आतलं काहीतरी बाहेर टाकून दुसऱ्याच मूलद्रव्याची होतात. याला किरणोत्सारी क्षय म्हणतात. किती काळात निम्मे अणू असे बदलतील, त्या काळाला म्हणतात अर्धायुष्य. एकतीस वर्षं हे सगळं मी इंग्रजीत सांगत आलो होतो आणि समोरच्यांना कळत नव्हतं. आता मराठीत सांगून बघावं, असं मनात आलं.

ज्योत्स्ना, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, क्षय नका लिहू. ऱ्हास लिहा."

"का?"

"लोकांना काहीतरी भलतंच वाटेल."

"ऱ्हास समाजाचा होतो," मी म्हणालो. "आणि तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे."

वाक्य मला आवडलं. तिला आवडलं नाही. ती परत मळायला लागली.

फ्लेक्स करायला दिला हितेंद्रकडं. हितेंद्रचं दुकान चौकात आहे आणि शहरातले सगळे वाढदिवस, दहावे आणि निवडणुका त्याच्या हातून जातात. मी फोनवर मजकूर सांगितला. तो म्हणाला, "किरण उत्सारी कोण, सर? त्यांचा पण फोटो टाकायचा ना?" मी तीन वेळा अक्षरं फोडून सांगितली. शेवटी तो म्हणाला, "समजलं, सर. तुम्ही बिनघोर राहा." हितेंद्र 'समजलं' म्हणाला की लोक घाबरतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

फ्लेक्स कॉलनीच्या फाटकावर लागला. वर लाल अक्षरांत 'क्षय आणि अर्धे आयुष्य'. मध्ये माझा फोटो, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला, ज्यात मी जेमतेम हयात दिसतो. आणि खाली, माझ्याच आग्रहावरून टाकलेली ओळ: 'प्रा. योगराज भदाणे. ३१ वर्षांचा दांडगा अनुभव'. किरणोत्सारी हा शब्द होता, नाही असं नाही. तो सगळ्यात तळाला, बारीक टायपात होता, आणि फ्लेक्स बांधताना तळाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळली गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून लोक मला वाट देऊ लागले. सकाळी फिरायला निघालो की समोरून येणारे पलीकडच्या बाजूला जात. मी त्याला आदर समजलो. समोरच्या लताबाई एकदा लांबूनच म्हणाल्या, "सर, शेळीचं दूध सुरू करा. आमच्या मावससासऱ्यांना फार फरक पडला होता."

"व्याख्यानासाठी?" मी विचारलं.

"कशासाठीही चांगलं असतं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

व्याख्यानाला सभागृह गच्च भरलं. माणसं दारात उभी होती. पुढच्या रांगेत निळ्या साडीतली एक बाई मोठी पिशवी घेऊन बसली होती आणि माझं पहिलं वाक्य व्हायच्या आधीच तिनं वही उघडली होती. मला भरून आलं. एकतीस वर्षांत पहिल्या वाक्याला वही उघडणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

मी मोहरीचा एक दाणा घेऊन गेलो होतो. म्हटलं, "अणू आपल्या मैदानाएवढा मोठा केला, तर त्याचं केंद्रक म्हणजे मधोमध ठेवलेला हा दाणा. बाकी मैदान जवळपास मोकळं. पण अणूचं जवळजवळ सगळं वजन या दाण्यात."

मागून प्रश्न आला, "केंद्र किती वाजता उघडतं?"

मी दुर्लक्ष केलं. "केंद्रकात प्रोटॉन असतात आणि न्यूट्रॉन असतात."

"प्रोटीन सुटं मिळतं का डब्यात?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"डब्यात मिळतं, काका, मी नंतर सांगते," निळ्या साडीतली बाई मागं वळून म्हणाली.

मला ते जरा खटकलं, पण मी रंगात आलो होतो. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, तरी ते एकत्र नांदतात, कारण अगदी खेटून असतानाच चालणारं एक जबर बल त्यांना धरून ठेवतं. केंद्रक फार मोठं झालं की कुटुंबाला धरून ठेवणं त्या बलाला जमत नाही, आणि मग आतलं काहीतरी जोरात बाहेर फेकलं जातं. 'बाहेर फेकलं जातं' म्हणताक्षणी पहिल्या रांगेतल्या तिघांनी तोंडाला रुमाल लावले.

"कोणत्या अणूचा क्षय कधी होईल हे कुणालाही सांगता येत नाही," मी म्हणालो. "तो म्हातारा आहे म्हणून आधी जातो असं नाही. तापवा, गोठवा, दाबा, ॲसिडात घाला. क्षयावर इलाज नाही. ठरल्या काळात निम्मे जातात. उरलेल्यांतले निम्मे पुन्हा तेवढ्याच काळात जातात."

सभागृहातले सगळे डोळे विस्फारून माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, विषय भिडला. मग लताबाई उठल्या. "सर, आमच्या घरात आम्ही चौघं आहोत. म्हणजे दोघं?"

निळ्या साडीतली बाई आता उभी राहिली. "सर, माफ करा, मी आरोग्य केंद्रातून आलेय, जमीला. असं सांगू नका लोकांना. इलाज आहे. फार दिवस खोकला, रात्री घाम, वजन घटणं असेल तर तपासून घ्या; सहा महिने रोज गोळी घेतली की माणूस ठणठणीत होतो."

"ताई," मी म्हणालो, "जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला हे जमलेलं नाही."

"सर, आमच्या वॉर्डात गेल्या वर्षी एकोणीस जण बरे झाले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या व्याख्यानाला पडलेल्या टाळ्या त्या एवढ्याच.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा तो क्षय नव्हे, हा अणूचा क्षय, असं मी सात-आठ वेळा सांगितलं. पण घाबरलेल्या माणसाला आणि परीक्षा संपलेल्या विद्यार्थ्याला काही सांगता येत नाही. रतिलालभाऊंनी समारोप केला. "सरांनी आजाराच्या मुळाशी, अगदी अणूपर्यंत जाऊन माहिती दिली," असं ते म्हणाले, धुळीमुळं त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि कार्यक्रम संपला.

चहाबरोबर एक कागद फिरत आला. हजेरीचा कागद, दुसरं काय असणार. व्याख्यात्याचं नाव पहिलं असावं म्हणून मी तो आधी ओढून घेतला. चष्मा टिपणांच्या फायलीत राहिला होता. नाव, वय, मोबाइल लिहिला. आधार क्रमांकही लिहिला, कारण तो मला पाठ आहे आणि पाठ असलेलं लिहून दाखवण्याची मास्तरांना खोड असते. शेवटच्या रकान्यात मला नुसतं 'किती' एवढं दिसलं. मी ऐटीत लिहिलं, '३१ वर्षे'.

त्या रकान्याचं पूर्ण नाव 'खोकला किती काळापासून' असं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. गोड आवाजातली ध्वनिमुद्रित बाई होती. "आज गोळी घेतली असल्यास एक दाबा. घेतली नसल्यास दोन दाबा." कसली गोळी, हे विचारायचं बटण नव्हतं. मी प्रामाणिकपणे दोन दाबलं. आवाज गंभीर झाला आणि औषध सोडल्यानं कुटुंबाला काय धोके संभवतात ते तिनं ऐकवलं. तीन दिवस मी दोन दाबत राहिलो, तीन दिवस तिनं मला झापलं. चौथ्या दिवशी मी एक दाबलं. तिनं अभिनंदन केलं. सत्य बोलून जे मिळालं नव्हतं ते मिळालं, हे मी नोंदवून ठेवतो.

मी जमीलाताईंना गाठलं. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांना सगळं लगेच उमगलं. माझ्या या हकिगतीत इतक्या चटकन काही उमगलेली ती एकटीच व्यक्ती. "सर, कागदांचा गठ्ठा वर गेला, तिथं कुणी न बघता संगणकावर चढवला. संगणकाला आठवडेच समजतात, म्हणून तुम्हाला एकतीस आठवड्यांचा आजार आहे. मी लिहून देते, पण नाव काढायचं माझ्या हातात नाही. चढवायचं कुणाच्याही हातात असतं, सर. काढायचं कुणाच्याच नसतं."

आता या सरकारी कामात एक चांगली सोय आहे. गावातल्या प्रतिष्ठित माणसानं एखाद्या रुग्णाचा खुराक उचलावा, अशी. सोय चांगली, पण ती प्रतिष्ठितांच्या हाती पडते. रतिलालभाऊंना कुठूनतरी माझं नाव कळलं. रविवारी सकाळी ते फोटोग्राफर घेऊन माझ्या फाटकाशी हजर झाले. हातात टोपली. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेलाची पिशवी आणि सगळ्यात वर प्रोटीनचा डबा. आमची सगळी गल्ली नंबर तीन कठड्यांवर उभी होती.

"सर, संकोच करू नका. समाजाचं देणं असतं."

"भाऊ, मला काहीही झालेलं नाही."

"सुरुवातीला सगळेच असं म्हणतात," ते कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले. रुमालात खोकले आणि टोपली माझ्या हातात ठेवली. टोपली हातात असताना माणसाला हात झटकता येत नाहीत, हे त्या फोटोग्राफरला अनुभवानं ठाऊक असावं.

सोमवारी स्थानिक पानावर फोटो आला: 'अध्यक्षांनी घेतले प्राध्यापकांना दत्तक'. एकसष्टाव्या वर्षी मी दत्तक गेलो. तेही माझ्याहून दोन वर्षांनीच मोठ्या बापाला.

इथवर सगळं माझ्या प्रतिष्ठेपुरतं होतं आणि निवृत्त प्राध्यापकाची प्रतिष्ठा ही गेली तरी घरात पसारा कमी होतो एवढंच. पण मार्च उजाडला होता. मार्चमध्ये ज्योत्स्ना बिबड्या करते. ज्वारी भिजवायची, भरडायची, शिजवायची, ओल्या फडक्यावर पातळ पसरायची आणि गच्चीवर कडकडीत वाळवायची. पापडाची ही खानदेशी थोरली बहीण. धुळ्याला असल्यापासून तिच्या बिबड्यांना नाव आहे. मी नापास केलेल्या मुलांच्या आयासुद्धा घेऊन जायच्या. जळगावात दोन उन्हाळ्यांत तिनं निम्मी कॉलनी गिऱ्हाईक म्हणून बांधून घेतली होती.

पहिल्या लताबाई आल्या. फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. "वहिनी, यंदा राहू द्या. आमच्याकडं तळलेलं बंद केलंय."

"बिबडी भाजून पण खातात," ज्योत्स्ना म्हणाली.

"भाजलेलं पण बंद केलंय."

आठवड्यात एकामागून एक सगळ्यांचं सगळं बंद झालं. कुणाला ज्वारी बाधायला लागली, कुणाला ऊन. गच्चीवर धुऊन ठेवलेली फडकी तशीच घडीत पडून राहिली. ज्योत्स्ना मला एका शब्दानं बोलली नाही. ऱ्हासाची आठवणही तिनं काढली नाही. पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, बोलली असती तर परवडलं असतं. फक्त एका दुपारी भिजवलेली ज्वारी तिनं गुराखी नेतो त्या घमेल्यात ओतली आणि मला म्हणाली, "हे मिटवून या."

जळगावच्या कार्यालयात मला कळलं की मी तिथला नाहीच. माझ्या आधारवर धुळ्याचा पत्ता असल्यामुळं फाइल तिकडं वर्ग झाली होती. मी राहतो जळगावात, माझा क्षय राहतो धुळ्यात. मी सकाळची एसटी पकडली.

धुळ्याच्या टेबलावर रुपचंद नावाचे गृहस्थ होते. आवाज मऊ, नम्रता अपार. असा माणूस समोर असला की काम होणार नाही हे समजावं. त्यांनी संगणक माझ्याकडं वळवला. माझ्या नावापुढं लाल पट्टी होती.

"सर, तुम्ही फरार दिसताय."

"मी इथं बसलोय."

"ते मला दिसतंय. त्याला दिसत नाही ना." त्यांनी संगणकाला हळुवार थोपटलं. "नाव काढायला तीन कारणं आहेत. बरा झाला, मयत झाला, बेपत्ता झाला."

"आजार नव्हताच, असं चौथं?"

"चुकीचं निदान असं एक आहे, सर. पण त्याला आधी निदान लागतं. तुमचं निदान झालेलंच नाही, मग ते चुकीचं कसं ठरवणार?"

तर्कात खोट नव्हती. बारावीच्या वर्गात असा तर्क करणारा एक जरी मुलगा मिळाला असता, तरी मी त्याला प्रयोगाचे पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग तपासणी ठरली. मला एक छोटी डबी दिली आणि झाडाखाली जाऊन खोकायला सांगितलं. अर्धा तास मी झाडाखाली उभा राहून नुसता घसा खरवडत होतो. आजूबाजूची खरीखुरी आजारी माणसं माझ्याकडं कीव येऊन बघत होती. एका आजीनं मला पाठीवर थापट्या मारून मदत केली. निष्पन्न शून्य. निरोगी माणसाला तिथं नापास करतात. शेवटी छातीचा फोटो काढायचं ठरलं. क्षय झाला, आता क्ष-किरण. या एका अक्षरानं माझी मानगूट धरली होती.

फोटो स्वच्छ आला. रुपचंदांनी तो खिडकीसमोर धरला, संगणकात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. "सर, एकतीस आठवडे म्हणजे सात महिने. उपचार असतो सहा महिन्यांचा. फुप्फुसं स्वच्छ. तुम्ही बरे झालात."

"पण मी आजारी—"

"सर," ते फार मायेनं म्हणाले, "बरे व्हा."

मी बरा झालो. गोल शिक्क्याचा दाखला मिळाला: सदर इसम क्षयमुक्त असून त्याच्यापासून इतरांस धोका नाही. एकतीस वर्षांत महाविद्यालयानं मला इतकं चांगलं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. दाखला खिशात घालून मी बाहेर पडलो, तर व्हरांड्यात औषधाच्या खिडकीशी एक जण पाठमोरा उभा होता. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, मार्च महिन्यात स्वेटर. तो खोकला. त्या खोकल्यासकट माझा फोटो छापून आला होता. मी तो कुठंही ओळखला असता.

"रतिलालभाऊ," मी म्हणालो.

त्यांच्या हातातली गोळ्यांची पाकिटं खाली पडली.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला जो आनंद झाला तो सभ्य नव्हता. मला टोपली दिसली, फोटोग्राफर दिसला, कठड्यांवरची गल्ली दिसली, आणि या वेळी टोपली माझ्याकडून त्यांच्या हातात चालली होती. गूळ कुठला घ्यायचा इथवर माझा विचार गेला. मग ते पाकिटं उचलायला वाकले आणि त्यांना चटकन उठता येईना. मी हात दिला.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मी खिडकी पूर्ण उघडली. फागणं गाव मागं पडलं.

"तुमच्या व्याख्यानात त्या बाईंनी लक्षणं सांगितली ना," ते म्हणाले. "खोकला, रात्री घाम, वजन. माझी सगळी जुळली. जळगावात तपासलं असतं तर गावभर झालं असतं. म्हणून इकडं आलो. आता हे म्हणतात, पुढची औषधं जळगावच्याच केंद्रातून घ्या, ताई घरी येऊन देतील." त्यांनी मास्क नीट केला. "सर, एक विनंती आहे. तुमचं नाव यादीत आहेच. राहू द्या अजून सहा महिने. ताईंना तुमच्याकडं येऊ द्या, मी मागच्या दारानं तुमच्याकडून गोळ्या घेत जाईन."

"भाऊ, मी प्राध्यापक होतो. आडोसा नव्हतो."

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग त्यांची कार्यालयीन मराठी गळून पडली. "सर, इंदिराले माहीत नही. बठ्ठा गावले कळी जाई. माले भेव लागस."

पाटबंधारे खात्यातला एवढा मोठा माणूस, आणि बायकोला आजार कळू न देता सगळ्या गावाला भ्यायला होता. मी त्याला राग आल्यावर अहिराणी बोलताना ऐकलं होतं, भूक लागल्यावर ऐकलं होतं. हे नवीन होतं.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही ते अर्ध्या आयुष्याचं म्हणालात. मग माझं किती राहिलं?"

कुणीतरी माझं व्याख्यान ऐकलं होतं तर. मी म्हणालो, "एकट्याला अर्धायुष्य नसतं, भाऊ. ते घोळक्याचं असतं. एक अणू घेतला तर तो या क्षणी जाईल की हजार वर्षं टिकेल, कुणी सांगू शकत नाही. त्याला काही आठवत नाही, तो काही झिजत नाही. आणि त्याला औषध नाही. तुम्हाला आहे. त्याच्यापेक्षा तुमचं बरं आहे."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. "म्हणजे तुम्ही खरंच अणूवरच बोलत होतात?"

"तास-दीड तास."

"मग सुरुवातीलाच का नाही सांगितलं?"

एरंडोलपर्यंत मी त्यांना केंद्रक समजावलं, आणि एरंडोलच्या पुढं ते माझ्या खांद्यावर झोपी गेले. विद्यार्थी तो विद्यार्थीच. पण उतरण्यापूर्वी मी जमीलाताईंना फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. इंदिराबाईंना सांगायचं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची, हे भाऊंनी त्या फोनवर कबूल केलं. माझी अट एवढीच होती. आडोसा मी होणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाखल्याला प्लास्टिकचं आवरण घालून फाटकाशी उभा होतो. लताबाई दूध घेऊन येत होत्या. सुरुवात त्यांच्यापासूनच करणार होतो. तेवढ्यात जमीलाताई पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या. सगळे कठडे भरले. ताई माझ्या घरासमोरून पुढं गेल्या आणि सरळ रतिलालभाऊंच्या दारात थांबल्या. लताबाई जागीच थबकल्या. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलंच, "ताई, तिकडं कुणाकडं?"

रतिलालभाऊ दारात आले. चेहरा पांढराफटक. माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सरांच्या कामासाठी आल्यात. त्या खुराकाचं विचारायला."

सगळी गल्ली माझ्याकडं वळली. दाखला माझ्या हातात होता. गोल शिक्का उन्हात चमकत होता.

"हो," मी म्हणालो.

मागं ओट्यावर ज्योत्स्ना उभी होती. "काय म्हणालात?" तिनं विचारलं.

मी तिला आत नेलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "एक शब्द चुकीचा बोलायची सवयच लागली तुम्हाला." मग स्टुलावर बसली. "आणि माझ्या बिबड्या?"

उत्तर संध्याकाळी चालत आलं. इंदिराबाई, रतिलालभाऊंच्या पत्नी, पदर खोचून गल्लीच्या मधोमध चालत आमच्या फाटकाशी आल्या. डोळे सुजलेले होते. त्यांना कळलं होतं. गल्लीतल्या बायका भाजीच्या गाडीभोवती जमलेल्या होत्या.

"ज्योत्स्ना, बिबडी शे का एखादी?"

गेल्या उन्हाळ्यातल्या चार उरल्या होत्या. ज्योत्स्नानं डबा आणला. इंदिराबाईंनी एक उचलली, भाजायचीही वाट पाहिली नाही, तिथंच फाटकाला टेकून कच्ची चावायला लागल्या. कुडुम कुडुम आवाज भाजीच्या गाडीपर्यंत गेला. एक संपवली, दुसरी घेतली.

"यंदान्या बठ्ठ्या माले दी दे," त्या तोंड भरलेलं असताना म्हणाल्या. "मग या बाया काय खातीन ते त्या पाहतीन."

लताबाईंनी हातातली मेथीची जुडी परत ठेवली आणि फाटकाकडं आल्या. आपण तळलेलं बंद केलं आहे, भाजलेलं नाही, असं त्यांनी ज्योत्स्नाला समजावून सांगितलं. मी दाखला पुढं केला. तो कुणी वाचला नाही. आमच्या कॉलनीत शिक्क्यापेक्षा दातावर विश्वास जास्त.

आता सकाळी ज्योत्स्ना मला गच्चीवर बसवते. फडक्यांवर बिबड्या वाळत असतात आणि कावळे राखायचं काम माझ्याकडं आहे. कॉलनीत मी अजून रुग्णच आहे. रतिलालभाऊंच्या टोपलीनं हळूहळू सुधारतोय असं सर्वानुमते ठरलं आहे. गच्चीवरून त्यांचं मागचं अंगण दिसतं. आठ वाजता जमीलाताई मागच्या दारानं येतात. भाऊ हातात पाण्याचा पेला घेऊन उभे असतात, ओळीनं गोळ्या गिळतात, आणि शेवटची गिळून झाली की वर माझ्याकडं बघतात. मी काठी उचलतो आणि कावळ्यांना हाकलतो.